पुढचा ॲक्सल जुन्यांचा, मागचा नव्यांचा

अच्युतराव दाणींनी आयुष्यात कधी कोणाच्या विरुद्ध मत दिलं नव्हतं, आणि बाजूनेही दिलं नव्हतं. याला ते समतोल म्हणत. त्यांची बायको प्रमोदिनी याला वेगळं नाव देत असे, पण ती जन्मभर शाळेत पोरं गप्प करून निवृत्त झालेली बाई, तिचा शब्द इथे न दिलेला बरा. पाटबंधारे खात्यात अच्युतरावांनी याच समतोलावर नोकरी काढली आणि निवृत्तीनंतर तो वाया जाऊ नये म्हणून ते रायपूरच्या मराठी सुहृद समाजाचे सहकार्यवाह झाले. सहकार्यवाह म्हणजे कार्यक्रमात माइक बंद पडला की ज्याच्याकडे सगळे वळून बघतात तो. हे काम ते कित्येक वर्षं करत होते.

व्हायचं होतं त्यांना अध्यक्ष. समाजाच्या सभागृहात माजी अध्यक्षांच्या तसबिरी ओळीने लावल्या आहेत. सगळे काळ्या कोटात, सगळ्यांच्या चेहऱ्यावर आपण समाजासाठी झिजलो असा भाव, आणि अंगकाठी पाहिली तर झिजल्याची खूण कुठेही नाही. अच्युतरावांनी गोल बाजारातल्या स्टुडिओत जाऊन भाड्याच्या काळ्या कोटात आपला फोटो आधीच काढून ठेवला होता. मुलगी गंधाली हिने तो पाहिला आणि "पापा, ये किसका है?" असं विचारलं. अच्युतरावांनी तो परत कपाटात ठेवून दिला.

अडचण एवढीच होती की समाजात दोन तट होते. जुने आणि नवे. जुन्यांचे पूर्वज भोसल्यांच्या फौजेबरोबर छत्तीसगडात आले. त्यातला प्रत्येक पूर्वज सरदार होता. मग घोड्यांना चारा कोण घालत होतं, हे आजवर कोणी सांगितलेलं नाही. नवे गेल्या काही वर्षांत विमानाने आले, राजधानीतल्या कचेऱ्यांत आणि कंपन्यांत लागले, आणि इथलं पाणी पिऊन, इथला पगार घेऊन प्रत्येक वाक्य 'आमच्या पुण्यात' पासून सुरू करू लागले. जुने म्हणत, नव्यांना रीत नाही. नवे म्हणत, जुन्यांना मराठी येत नाही. दोघांचंही बरोबर होतं, म्हणून भांडण मिटत नव्हतं.

अध्यक्ष नाना शेष नव्वदीला टेकले होते. बैठकीत ते झोपत आणि ठरावाच्या वेळी जागे होत, त्यामुळे दोन्ही तटांना चालत. एका बैठकीत ते जागे होऊन म्हणाले की समाजाचा स्वतःचा वैकुंठरथ झाला की त्याच्या लोकार्पणाच्या दिवशी मी पद सोडतो. जुन्यांनी लगेच भार्गवराव पिंपळापुऱ्यांकडे पाहिलं. यांचं गोल बाजारात भांड्यांचं पिढीजात दुकान. नव्यांनी शिशिर केतकरकडे पाहिलं. हा कुठल्याशा कंपनीत कॉम्प्युटरचा इंजिनिअर. जुने शिशिरला होऊ देणार नाहीत आणि नवे भार्गवरावांना, हे तर शेंबड्या पोरालाही कळलं असतं. तेव्हा मधला माणूस कोण? अच्युतरावांनी मनात हिशेब केला आणि त्या दिवसापासून वैकुंठरथाची सगळी जबाबदारी हसतमुखाने अंगावर घेतली. रथ होईपर्यंत दोघांपैकी कोणालाही दुखवायचं नाही, एवढंच पथ्य पाळायचं होतं.

गाडी भार्गवरावांनी आधीच आणून टाकली होती. लष्कराने लिलावात काढलेला जुना डिझेल ट्रक. स्वस्त होता, आणि लष्कराचं म्हटल्यावर फौजेत आलेल्या घराण्याला तो आपलाच वाटला. साधा ट्रक मागच्या चाकांच्या जोरावर चालतो. या लष्करी ट्रकाला पुढेही तसाच जोर देणारा ॲक्सल होता. ड्रायव्हरजवळचा एक छोटा दांडा ओढला की पुढची चाकंही ओढायला लागत. चिखलात, डोंगरात, शत्रूच्या मुलुखात ही सोय फार कामाची. समता कॉलनीतल्या समाजाच्या दारापासून महादेव घाटाच्या स्मशानापर्यंत शत्रूचा मुलुख लागत नाही, तरी भार्गवराव येणाऱ्याजाणाऱ्याला तो दांडा दाखवत आणि आपणच त्या ट्रकावर बसून लढाया मारल्यासारखे उभे राहत.

ट्रकाचा गिअरबॉक्स मात्र गेलेला होता. तिसरा गिअर टाकला की गिअरचा दांडा आपोआप बाहेर येई. म्हणजे अंत्ययात्रेत ड्रायव्हरच्या मांडीला मांडी लावून एक माणूस केवळ तो दांडा धरायला बसवावा लागणार होता. कार्यकारिणीतल्या मंडळींना यात गैर काही वाटलं नाही. उलट हा मान कोणाकडे असावा यावर अर्धी बैठक गेली. शेजाऱ्यांनीही हात आखडता घेतला नाही. समोरचे दंतवैद्य म्हणाले, गिअरबॉक्सच्या तेलात लाकडाचा भुसा घाला, आवाज बंद होतो. अच्युतराव म्हणाले, आवाजाची तक्रार नाही. दंतवैद्य म्हणाले, मग आणखी चांगलं. पलीकडच्या बंगल्यातले निवृत्त प्राचार्य म्हणाले, ट्रकाचं तोंड दक्षिणेकडे करून उभा केलात तिथेच चुकलं. वैकुंठरथाला शेवटी कुठल्या दिशेला जायचं आहे, हे त्यांना विचारण्याचा अच्युतरावांना मोह झाला, पण प्राचार्यांकडे दोन मतं होती.

शेवटी ट्रक टाटीबंधला इंद्रजीतच्या गॅरेजात गेला. इंद्रजीत हा मिशांचा आणि आत्मविश्वासाचा माणूस. कोणतंही काम सांगा, तो "हो जाएगा" म्हणे. त्याच्या गॅरेजात न होणारं असं काही नव्हतं. झालेलं असं मात्र फारसं काही दिसत नसे. त्याने सिलतऱ्याकडे भंगारात निघालेल्या एका बसचा पाच गिअरचा बॉक्स आणला आणि जुना काढून नवा बसवायला घेतला. नवा लांब निघाला. मग मागचा शाफ्ट कापून आखूड केला. तो फार आखूड झाला. मग जोडून लांब केला. गिअरचा दांडा ट्रकाच्या फरशीतून जिथे वर यायला हवा तिथे आलाच नाही, तो शेजारच्या सीटखालून आला. इंद्रजीतने सीट फाडून त्याला वाट करून दिली. आता ड्रायव्हरला रिव्हर्स टाकायचा असेल तर शेजारी बसलेल्या माणसाला आधी उठून उभं राहावं लागे. अच्युतरावांनी हे पाहून हळूच नाराजी व्यक्त केली. इंद्रजीतने मिशीवरून हात फिरवला आणि विचारलं, वैकुंठाला निघालेली गाडी मागे कशाला घ्यायची?

मग त्याने तो प्रश्न विचारला. दोन्ही ॲक्सलांच्या पोटातले दात झिजून गेले होते, ते बदलायचे होते. "दो तरह का आता है, साहब," तो म्हणाला. "एक खींचने वाला, एक भागने वाला. कौन सा डालूँ?"

ओढणारा घातला तर ट्रक जोरकस होतो पण मुंगीच्या पावलाने चालतो. पळणारा घातला तर वेग मिळतो, जोर कमी होतो. इतकं अच्युतरावांना समजलं. आणि उत्तर दिलं की बाजू घेतल्यासारखं होईल, हेही समजलं. त्यांनी प्रश्न कार्यकारिणीपुढे ठेवला.

ती बैठक समाजाच्या इतिहासात लिहून ठेवण्यासारखी झाली, म्हणून कोणी लिहून ठेवली नाही. भार्गवराव उभे राहिले आणि म्हणाले की वैकुंठरथ हळूच गेला पाहिजे. मागे माणसं चालत असतात. गेलेल्या माणसाला रस्त्यातल्या दुकानदारांनी नमस्कार करायचा असतो, आणि धावत्या गाडीला नमस्कार कसा करणार? आमच्या आजोबांची यात्रा निघाली तेव्हा गोल बाजारातून घाटावर पोचायला दुपार टळली होती. यावर जुन्यांनी माना डोलावल्या. शिशिर लॅपटॉप घेऊन आला होता. त्याने भिंतीवर रंगीत चित्रं दाखवली. आता सभासद नव्या रायपुरात राहतात, मुलं परदेशातून येतात, त्यांची परतीची विमानं असतात, शोकाला वेळ लागला तर लागू दे पण प्रवासाला लागता कामा नये. एका चित्रात मृताच्या नातेवाइकांचा वाचलेला वेळ हिरव्या रंगात दाखवला होता. नव्यांनी टाळ्या वाजवल्या. भार्गवराव म्हणाले, मढ्याला कसली घाई? शिशिर म्हणाला, आमच्या पुण्यात असले शब्द सभेत वापरत नाहीत. मग आवाज चढले आणि नानासुद्धा जागे झाले.

कोणीतरी म्हणालं, दोन्हींचा मध्य काढा. इंद्रजीतला फोन लावला. मधला प्रकार बाजारात मिळत नाही, असं त्याने सांगितलं.

तेव्हा अच्युतराव उठले. समाजाच्या कोजागरीला मसाला दूध की आइस्क्रीम हा वाद दोन्ही एकाच पेल्यात घालून त्यांनीच मिटवला होता. आजही त्यांना तसंच स्फुरण चढलं. ते म्हणाले, मंडळी, देवाने आपल्याला दोन ॲक्सल दिले आहेत. एकात ओढणारा घालू, दुसऱ्यात पळणारा घालू. म्हणजे जोरही मिळेल आणि वेगही मिळेल, आणि कोणाचाच अनादर होणार नाही.

मग शिशिर विचार करू लागला. तो इंजिनिअर होता खरा, पण गाडीचं बॉनेट कोणत्या बाजूला उघडतं हे त्याला ठाऊक नव्हतं. सगळे आपल्याकडे बघताहेत म्हटल्यावर त्याने चष्मा पुसला आणि "थिअरेटिकली शक्य आहे" असं म्हणाला. भार्गवरावांनी एकच अट घातली. पुढचा ॲक्सल जुन्यांचा. पुढचा मान आमचा, भोसल्यांपासून आहे. नव्यांनी थोडी कुरकुर केली आणि मागचा घेतला. ठराव झाला आणि अच्युतरावांना कधी नव्हे ते चहाबरोबर दुसरं बिस्किट मिळालं.

घरी आल्यावर त्यांनी हा पराक्रम प्रमोदिनीला सांगितला. ती भाजी निवडत होती. तिने पुन्हा एकदा विचारून नीट समजून घेतलं, कोणतं पुढं, कोणतं मागं.

"म्हणजे पुढं बैल जुंपला अन् मागून घोडा ढकलून राहिला," ती म्हणाली. "अन् हे तुमच्यापैकी कोणालेच दिसलं नाही?"

अच्युतरावांना एक क्षण काहीतरी दिसलंही. पण त्यांनी ते झटकलं. ठराव मंजूर झाला होता. आता बदलायचा तर पुन्हा सभा बोलवावी लागेल, पुन्हा विषय निघेल, पुन्हा बाजू घ्यावी लागेल. यंत्राचं काय, त्याला कोणीतरी समजावून सांगेल. इंद्रजीतला त्यांनी ठराव वाचून दाखवला. त्याने एकदा ट्रकाकडे आणि एकदा अच्युतरावांकडे पाहिलं आणि "हो जाएगा" म्हणाला. बसवायचे पैसे मिळणार होते, उद्या काढायचेही मिळणार होते, त्याला नाही म्हणायचं काहीच कारण नव्हतं.

पुढे वाहन नोंदणीच्या कचेरीत हेलपाटे झाले. लष्करी ट्रकाचं शववाहन करायचं होतं. तिथल्या बाबूने विचारलं, यात्री वाहन की माल वाहन? अच्युतराव म्हणाले, दोन्ही नाही. बाबू म्हणाला, दोन्हीपैकी एक लिहावंच लागतं. माल म्हणावं तर समाजाच्या भावना दुखावतात. यात्री म्हणावं तर बाबू विचारतो, सीट किती? अच्युतरावांनी मागच्या बाकांवरची माणसं मोजून सांगितली. आणि तो जो मधे झोपणार, तो बसणारा धरायचा का? अच्युतराव म्हणाले, तो बसत नाही. मग त्याचा सीटबेल्ट? हा खल होळीच्या आधी सुरू झाला आणि बाबूची बदली झाली तेव्हा संपला. नव्या बाबूने कागदाकडे न बघता शिक्का मारला. अच्युतरावांना जरा वाईटच वाटलं, कारण त्यांनी दोन्ही बाजूंना पटेल असं उत्तर तयार केलं होतं.

ट्रक पांढरा रंगवून आला. चालायलाही छान लागला. छोटा दांडा कोणी ओढत नव्हतं, म्हणून पुढची चाकं नुसती फिरत आणि सगळं काम मागची करत. म्हणजे पुढचा मान जुन्यांचा होता आणि गाडी नव्यांची चालत होती. हे कोणाच्या ध्यानात आलं नाही, आणि आलं असतं तर मी म्हणेन की समाजाचाही कारभार तसाच चाललेला होता.

आता लोकार्पणाला योग्य व्यक्ती हवी होती. रिकामा वैकुंठरथ फिरवणं बरं दिसत नाही, असं कार्यकारिणीचं मत पडलं. पण त्या हंगामात मराठी मंडळींच्या प्रकृती अशा सुधारल्या की विचारू नका. गोदावरीबाई मोघे दवाखान्यातून धडधाकट घरी आल्या. अच्युतराव आजाऱ्यांच्या भेटीला संत्री घेऊन जात, प्रेमाने पायाशी बसत आणि डॉक्टर काय म्हणाले ते फार बारकाईने विचारत. काही दिवसांत लोक त्यांना पाहिलं की उठून बसायला लागले. एका घरात तर त्यांना दारातूनच सांगितलं की आमच्याकडे सगळे ठणठणीत आहेत, तुम्ही दुसरीकडे बघा. अच्युतरावांना ते फार लागलं. आपण समाजासाठी एवढं करतोय आणि समाजाला वेळेवर एवढं साधं सहकार्य करता येत नाही.

त्यांची पावलं नानांकडे वळली, तेव्हा नानांनी संत्री ठेवून घेतली आणि स्वतःच विषय काढला.

"अच्युत, मी काही एवढ्यात जात नाही," ते म्हणाले. "अन् गेल्यावर मले गाडी काय दिसणार? येत्या रविवारी रिकामीच काढा. मी पुढं बसतो."

रविवारी सकाळी समाजाच्या दारात झेंडूच्या माळा घातलेला ट्रक उभा राहिला. नारळ फुटला. नानांनी सगळ्यांसमोर पदाचा राजीनामा दिला, टाळ्या झाल्या. संध्याकाळच्या सभेत नवा अध्यक्ष निवडायचा होता. भार्गवराव अच्युतरावांच्या कानाशी येऊन पुटपुटले की शिशिर सोडून कोणीही चालेल. थोड्या वेळाने शिशिरनेही भार्गवरावांबद्दल तेच सांगितलं. अच्युतरावांचे पाय जमिनीवर ठरेनात. त्यांनी कपाटातला फोटो त्या सकाळी फ्रेम करायला दिला होता.

नाना ड्रायव्हर कृष्णाच्या शेजारी बसले, म्हणजे गिअरच्या दांड्यावर बसले म्हणा ना. मागे मधोमध रुळांवर रिकामं स्ट्रेचर आणि दोन्ही बाजूंच्या बाकांवर पांढरे कपडे घातलेली कार्यकारिणी. घाटापर्यंत जाऊन परत यायचं होतं. ट्रक सुरेख वेगात निघाला. वारा लागत होता. शिशिरला राहवलं नाही. तो म्हणाला, तसं बघितलं तर गाडी आमच्याच गिअरवर चाललीय. त्या छोट्या दांड्याशिवाय पुढचा ॲक्सल काहीच करत नाही, त्याने इंटरनेटवर वाचलं होतं.

भार्गवरावांचा चेहरा काळवंडला. त्यांनी इतर जुन्यांकडे पाहिलं. इतर जुन्यांनी अच्युतरावांकडे पाहिलं.

"अच्युतराव, आमचा ॲक्सल काहून बंद ठेवला?" भार्गवराव म्हणाले. "दोन्ही चालवायचा ठराव झाला होता. तुम्हीच मांडला होता. का नव्यांशी आतून काही ठरवून राहिले तुम्ही?"

संध्याकाळची सभा अच्युतरावांच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. जुन्यांची सगळी मतं समोर दिसणाऱ्या आमापारा चौकाच्या अलीकडेच गळून पडताना त्यांना दिसली. त्यांनी केबिनच्या मागच्या खिडकीवर टकटक केलं आणि कृष्णाला पुढची चाकंही लावायला सांगितलं. कृष्णा म्हणाला, साहेब, हे कधी लावलं नाही. अच्युतराव म्हणाले, ठराव आहे. कृष्णाने "हव" म्हणून ट्रक थांबवला, दांडा ओढला आणि परत निघाला.

चिखल असता तर चाकं घसरून घसरून निभावलं असतं. इथे कोरडा डांबरी रस्ता. मागची चाकं पळायला निघाली आणि पुढची त्यांना पळू देईनात. ट्रकाला उचकी लागली. टायर किंचाळले. बाकांवरची कार्यकारिणी एका तालावर वर उडू लागली, त्यात जुने-नवे असा भेद राहिला नाही. रिकामं स्ट्रेचर रुळांवरून सुटलं आणि शिशिरच्या नडग्यांवर येऊन बसलं. नाना केबिनमधून शांतपणे विचारत होते की रस्ता एवढा खराब कधी झाला. कृष्णा दांडा परत ढकलू लागला, पण तो असा अडकला होता की हलेना. अच्युतराव खिडकीतून ओरडले की थांबव. भार्गवराव म्हणाले, थांबवू नको, आता कुठे आमचा ॲक्सल लागला आहे. आमापारा चौकाच्या बरोबर मधोमध खालून मोठा आवाज झाला, लोखंडाचे तुकडे रस्त्यावर सांडले, काळं तेल पसरलं आणि ट्रक उभा राहिला. कायमचाच उभा राहिला म्हणायला हरकत नाही.

अच्युतरावांनी इंद्रजीतला फोन केला. तो म्हणाला, मी हेच सांगणार होतो, पण तुमचा ठराव झालेला होता.

चारही बाजूंनी वाहनं तुंबली. पण हॉर्न कोणी फार वाजवला नाही. माळा घातलेला पांढरा वैकुंठरथ आणि आत पांढऱ्या कपड्यांतली, लोळागोळा झालेली, खालमानेने बसलेली माणसं. लोक स्कूटरवरून पाय टेकून हात जोडत होते. एका म्हातारीने जवळच्या दुकानातून फुलं आणून रिकाम्या स्ट्रेचरवर वाहिली. एक गृहस्थ अच्युतरावांजवळ आले आणि हलक्या आवाजात विचारू लागले, कौन थे? अच्युतराव म्हणाले, अभी तो कोई नहीं. गृहस्थांनी खूप काही समजल्यासारखी मान हलवली आणि ते निघून गेले.

वाहतुकीचा हवालदार मात्र मान हलवून जाणारा नव्हता. तो मोटारसायकलवरून आला, ट्रकाभोवती फिरला, सांडलेलं तेल पाहिलं, तुंबलेले चार रस्ते पाहिले आणि कागद मागितले. मग त्याने विचारलं, गाडी कोणाच्या नावावर आहे? कागदांवर मालक म्हणून 'अध्यक्ष, मराठी सुहृद समाज' एवढंच होतं. नाव घालायला नोंदणीच्या वेळी दोन्ही तटांनी हरकत घेतली होती.

"तो अध्यक्ष कौन है?" हवालदार म्हणाला. "थाने चलना पड़ेगा. क्रेन का, जुर्माने का, सब वही भरेगा."

सगळ्यांनी केबिनकडे पाहिलं. नानांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि सांगितलं की मी तर नारळ फुटला तवाच मोकळा झालो, तुम्हीच टाळ्या वाजवल्या. आणि डोकं आत घेतलं.

त्यानंतर आमापारा चौकात जे दिसलं ते समाजाच्या इतिहासात कोणी पाहिलं नव्हतं. भार्गवराव शिशिरकडे वळले आणि अतिशय मायेने म्हणाले की समाजाला आता तरुण रक्ताची गरज आहे, आपण पुढे या. शिशिर नडगी चोळत म्हणाला, छे, ज्येष्ठांचा मान आधी, आमच्या पुण्यातसुद्धा हीच पद्धत आहे. भार्गवराव म्हणाले, मी तर दुकानदार माणूस. शिशिर म्हणाला, माझी बदली कधीही होऊ शकते. एकमेकांचे इतके गुण त्यांना आधी कधी दिसले नव्हते. हवालदाराने घड्याळ पाहिलं. मग दोघं एकदमच अच्युतरावांकडे वळले.

भार्गवरावांनी नाव सुचवलं. शिशिरने अनुमोदन दिलं. बाकांवरच्या सगळ्यांनी हात वर केले, काहींनी दोन्ही केले. केबिनमधूनही एक हात बाहेर आला. एकही मत विरुद्ध नाही. भार्गवरावांनी बॉनेटवरची झेंडूची माळ काढली आणि अच्युतरावांच्या गळ्यात घातली.

अच्युतरावांना सगळं कळत होतं. ते इतकेही खुळे नव्हते. तरीसुद्धा खोटं कशाला बोला, त्यांचा ऊर भरून आला आणि डोळ्यांत पाणी आलं. इतकी वर्षं वाट पाहिलेलं भाषण त्यांच्या ओठांवर आलं. "आज आपण सर्वांनी माझ्यावर जो विश्वास..." एवढं ते बोलले आणि हवालदाराने मोटारसायकल चालू केली. ते मागे बसले. जाताना त्यांनी वळून पाहिलं तर कार्यकारिणी ऑटोवाल्यांशी घासाघीस करत होती, आणि चौकातले लोक माळ घातलेल्या अच्युतरावांना हात जोडत होते.

ठाण्यात बाकावर बसल्यावर त्यांनी घरी फोन लावला. माळ काढायची त्यांना आठवण राहिली नव्हती.

"प्रमोदिनी, मी अध्यक्ष झालो."

"इतक्यात? सभा तर संध्याकाळी होती ना?"

"आत्ताच झालो. चौकात."

"विरोधात कोण कोण होतं?"

"कोणीच नाही. जुने, नवे, सगळे हात वर. एकमतानं निवडलं."



"बरं," ती म्हणाली. "मंग आता खरं सांगा, काय मोडलं?"